पदराची गाठ

२०२५ ची होळी १३ मार्चला होती. तिच्या दोन दिवस आधी बुलडाण्याच्या बसस्थानकावर सैलानीच्या गाडीला झुंबड उडाली होती. खिडकीतून टॉवेल, पिशव्या टाकून लोक जागा धरत होते. एक बाई मात्र बाजूला उभी. जागा धरायला तिचा हात मोकळा नव्हता. डाव्या मनगटाला जुन्या लुगड्याचा फाडलेला पदर बांधलेला आणि त्याचं दुसरं टोक शेजारच्या पोराच्या मनगटाला. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. नजर कुठेच ठरत नव्हती, ओठ सारखे हलत होते. पण डोक्याला तेल लावून भांग पाडलेला, सदरा स्वच्छ धुतलेला. पोराच्या मनगटाला काचू नये म्हणून गाठीखाली तिने कापूस घातला होता. तिच्या स्वतःच्या मनगटाखाली काही नव्हतं. तिथं लाल वळ उठला होता.

त्याच गाडीने मला पुढे जायचं होतं. तिच्या मागची जागा मिळाली.

"कुठून आल्या, मावशी?"

"घाटाखालून." गावाचं नावही तिने सांगितलं. ते इथे देत नाही. "डॉक्टर केला ना भाऊ. दोन साल केला. गोयी चालू होती तवर पोरगं चांगलं होतं. माह्यासंगं वावरात ये, निंदाले बसे. मंग सोयाबीन पान्यात गेली, न् गोयी राहून गेली. लोकं म्हनले, सैलानीले ने."

गाडी घाटातली वळणं घेत राहिली. पोरगा खिडकीच्या गजाला कपाळ टेकून पुटपुटत होता. बऱ्याच वेळाने तिनेच मागे वळून मला विचारलं, "तठी डॉक्टर बसते का हो?"

मला उत्तर देता आलं नाही.

दर होळीला आमच्या जिल्ह्यात एकच चर्चा ठरलेली: सैलानीची अंधश्रद्धा. वर्तमानपत्रात फोटो येतात, चार माणसं हळहळतात, दोन माणसं बंदीची मागणी करतात, धुळवड होते आणि विषय संपतो. या चर्चेत ती बाई कुठेच बसत नाही. तिने दवाखाना केला होता. गोळीचा गुण तिने डोळ्यांनी पाहिला होता. सैलानीला निघालेली असतानाही तिला डॉक्टरच हवा होता. तिला दर्ग्याच्या वाटेला लावलं ते महिन्याच्या गोळीच्या पैशाने. आपण तिला अडाणी म्हणून मोकळे होतो, कारण त्या गोळीचा हिशेब मग कुणाला द्यावा लागत नाही.

ज्यांनी सैलानी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिंपळगाव सराईजवळचा हा सूफी संताचा दर्गा. होळीपासून पुढे काही दिवस इथे यात्रा भरते. हिंदू-मुसलमान दोघेही येतात, आणि गर्दीचा आकडा लाखांत जातो. ज्याच्यावर 'बाहेरचं' आहे, करणी आहे, लागीर झालं आहे असं घरच्यांना वाटतं, त्याला इथे आणतात. त्याच्या अंगावरून नारळ, लिंबू, जुने कपडे उतरवतात आणि ते होळीत जातात. नारळांची होळी म्हणून ती प्रसिद्ध आहे. यात्रा उठली तरी सगळे परत जात नाहीत. गुण येईपर्यंत राहायचं म्हणून माणसं रुग्णाला घेऊन महिनोन्‌महिने पाल ठोकून, खोली करून राहतात. आणि कधी कधी आणणारे परत जातात, आणलेला माणूस मागे राहतो.

अशा ठिकाणाबद्दल मनात राग येणं सोपं आहे. मलाही येतो. पण तो राग घेऊन मी त्या परिसरात जेव्हा जेव्हा फिरलो, तेव्हा एक गोष्ट दिसली आणि ती खुपत राहिली. गावात ज्याला येडा म्हणून पोरं खडे मारतात, ज्याच्या घरी लग्नाची पत्रिका जात नाही, त्याच्या आईला इथे शेजारच्या पालातली बाई विचारते, "रात्री झोपला का तुमचा?" हा प्रश्न तिला गावात कुणी विचारलेला नसतो. इथे सगळ्यांच्याच घरी तेच आहे, म्हणून लाजायचं कारण उरत नाही. त्या चार दिलाशाच्या शब्दांसाठी लोक एसटी बदलत बदलत येतात. आजार त्या शब्दांनी बरा होत नाही. स्किझोफ्रेनियाला औषध लागतं, ते रोज लागतं आणि वर्षानुवर्षं लागतं. तिथे तडजोड नाही. पण शब्द दर्ग्याजवळ आणि औषध तीनशे किलोमीटरवर, अशी वाटणी कुणी केली?

तीनशे किलोमीटर हे उगाच म्हटलेलं नाही. राज्याची जुनी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्या वाट्याला नागपूर येतं आणि ते बुलडाण्यापासून तीनशे किलोमीटरहून लांब आहे. घाटाखालच्या बाईने पोराला मनगटाला बांधून तिथवर न्यायचं, मुक्काम करायचा, परत आणायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा न्यायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, शिबिरं होतात, जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण मनाच्या आजाराची गोळी तापाच्या गोळीसारखी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, दर महिन्याला, न चुकता मिळेल अशी खात्री त्या बाईला आज कोण देऊ शकतो?

देशाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला तो १९८२ साली. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये दर शंभरात दहाहून अधिकांना मनाचा काही ना काही आजार आढळला आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. म्हणजे पदराने बांधलेली आई हा अपवाद मानता येत नाही. बहुतेक घरं अशीच चालली आहेत.

'तठी डॉक्टर बसते का', या तिच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते शेजारच्या राज्यातच आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. सैलानीसारखाच, मनाच्या रुग्णांसाठी नावाजलेला. तिथे 'अल्ट्रुइस्ट' नावाच्या संस्थेने राज्य सरकारच्या साथीने दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसवला. आधी मुजावरांशी बोलणं केलं, त्यांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. मुजावर दुवा देतो आणि त्याच तोंडाने सांगतो, आता पलीकडे जाऊन दवा घे. 'दवा-दुआ' हे नाव त्यातूनच पडलं. कुणाची श्रद्धा सोडवली नाही, कुणाचं पोट मारलं नाही. आईला जे दोन्ही हवं होतं ते एका आवारात आणून ठेवलं.

तामिळनाडूला हे शहाणपण फार महागात पडलं. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीच्या दर्ग्याजवळ, खाजगी आसऱ्यात ठेवलेले २८ रुग्ण आगीत गेले. त्यांना साखळीने बांधलेलं होतं, पळता आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मग चक्रं फिरली. पुढे एरवाडीलाही दवा-दुआची वाट धरण्यात आली. आपण २८ ची वाट पाहायची नाही, एवढीच माझी मागणी आहे आणि ती मी हात जोडून करतो. पालात चूल असते, कडबा असतो, मार्चचा वारा असतो.

कायदा कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट सांगतो की मनाच्या रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. रस्त्यावर भटकणारा असा माणूस दिसला तर त्याला संरक्षण देणं हे ठाणेदाराचं कर्तव्य ठरवलेलं आहे. घरच्यांनी टाकलेल्याला समाजातच राहण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी आधार सरकारने द्यायचा आहे. घराजवळ उपचार मिळणं हाही हक्कच. आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरा, असं हाच कायदा म्हणतो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी जीव दिला. कागद पुरेसा आहे. आता तो कागद होळीच्या आठवड्यात बुलडाणा-सैलानी गाडीत बसून आला पाहिजे.

सैलानीत मागे राहिलेल्या माणसांचं काय होतं? त्यातल्या काहींचं बरं होतं, कारण चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे हे जोडपं आहे. त्यांचं सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना उचलून आणतं. जटा कापायच्या, जखमा धुवायच्या, अंघोळ घालायची, जेवू घालायचं, मग औषध. हा क्रम वाचायला सोपा आहे. महिनोन्‌महिने अंघोळ न केलेल्या, अंगाला हात लावू न देणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतायला काय लागतं, ते ओतणाऱ्यालाच माहीत. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावरच्या रुग्णांना बरं करून त्यांच्या घरी पोहोचवते. त्या कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. अशी माणसं आहेत म्हणून आपली लाज झाकली जाते. पण एका जोडप्याच्या अंगणात अख्ख्या जिल्ह्याने आपली जबाबदारी नेऊन ठेवायची आणि वाढदिवसाला एक वेळचं जेवण देऊन फोटो काढायचे, हे मला पटत नाही. जेवण जरूर द्या. पण तिथे आलेला माणूस कुठल्या तरी गावचा आहे, त्या गावाच्या ग्रामपंचायतीला हे विचारायला हवं की तो इथवर आलाच कसा आणि बरा झाल्यावर त्याला परत घेणार का.

परत घेणं सर्वांत अवघड. बरा झालेला माणूस घरी येतो आणि भावाने घर वाटून घेतलेलं असतं.

आमच्याच जिल्ह्यातली एक आठवण यापेक्षा वेगळी आहे आणि ती घरोघर वाचली जाते. २३ फेब्रुवारी १८७८, शेगाव. देविदास पातुरकरांच्या घरचं जेवण उठलेलं, उष्ट्या पत्रावळी बाहेर पडलेल्या आणि एक तरुण त्यांतली शितं वेचून खात बसलेला. अंगावर धड कपडा नाही. येणारे-जाणारे वेडा समजून पुढे जात होते. बंकटलाल थांबले. त्यांच्यासोबत दामोदरपंत होते. जवळ जाऊन विचारपूस केली, जेवण आणवलं, पाणी आणवलं. गजानन महाराजांच्या चरित्राची सुरुवात अशी आहे. भक्त त्यात साक्षात्कार पाहतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. मी त्यात बंकटलालही पाहतो. समोर कोण आहे हे ठाऊक नसताना ते थांबले. ज्या जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या श्रद्धेचा आरंभ पत्रावळींपाशी बसलेल्या माणसाजवळ थांबण्यातून झाला, त्या जिल्ह्यात स्टँडबाहेर शितं वेचणारा माणूस दिसला की आपण पाय का उचलतो?

आता गावात जाऊ. कारण सैलानीला पोहोचलेला माणूस शेवटच्या टप्प्यावर आलेला असतो, सुरुवात वावरात आणि माजघरात झालेली असते. तिथे कुणी 'नैराश्य' म्हणत नाही. "लई इचार येते डोक्यात", "मन लागत नाई", "टेन्शन हाये", "जेवन जात नाई", असं बोलतात. झिम्बाब्वेत शोना भाषेत याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, अर्थ तोच: फार विचार करणं. तिथे डॉ. डिक्सन चिबांडांनी दवाखान्याबाहेर लाकडी बाक टाकले आणि वस्तीतल्या आज्यांना समुपदेशन शिकवून त्यावर बसवलं. शिकलेल्या आजीजवळ बसून लोकांचा त्रास कमी झाला, हे २०१६ साली शास्त्रीय चाचणीने सिद्ध केलं. झिम्बाब्वेचा बाक ऐकून कुणी नवल करू नये. आपल्याकडे ओटा आहे, आज्या आहेत. शिकवणं राहिलं आहे.

त्यासाठीही फार लांब जायला नको, ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यात होऊन गेलं आहे. 'विश्राम' नावाचा प्रकल्प, ३० गावं. गावातलीच शिकवून तयार केलेली माणसं घरोघर, बचत गटात, पारावर बसून मनाच्या त्रासाबद्दल बोलायची. ज्याला जास्त गरज, त्याला समुपदेशक. त्यानेही न भागल्यास डॉक्टर, आणि तो डॉक्टरही गावाजवळ येणारा. प्रकल्पाच्या सुरुवातीला नैराश्यातल्या शंभरांपैकी जेमतेम चार माणसं कुठल्या तरी मदतीपर्यंत पोहोचत होती, नेमकं ४.३ टक्के. अठरा महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झालं. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हे 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात २०१७ साली छापून आलेलं आहे. विदर्भातलीच गावं, आपल्यासारखीच कापूस-सोयाबीनची. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता'ने असंच काम केलं, साताऱ्याच्या 'परिवर्तन'ने 'मानसमित्र' घडवले. चालतं की नाही हा प्रश्न मिटलेला आहे.

मिटलेला नाही तो पैशाचा. प्रकल्प असतो तेव्हा बाई घरोघर जाते. प्रकल्प संपला की ती परत निंदायला जाते.

आमच्या जिल्ह्यालाही एक योजना मिळाली. २०१५ साली राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, बुलडाणा त्यात आहे. आशाताईने घरोघर जायचं, प्रश्नावली भरायची, ताणाखालचा शेतकरी ओळखायचा, पुढे पाठवायचं. १०४ क्रमांकावर समुपदेशन. कल्पना चोख आहे. पण आशाताईच्या पिशवीत डोकावून पाहा. गरोदर बायांची नोंद, लसीकरण, क्षयाची पाहणी, कुष्ठरोगाची पाहणी, आयुष्मान कार्ड, आणि त्याच पिशवीत माणसाच्या मरणाच्या विचारांची प्रश्नावली. माझ्या ओळखीच्या एका आशाताईने सांगितलेलं जसंच्या तसं देतो: "भाऊ, मरायचा इचार येते का असं इचारलं, न् तो माणूस रडाले लागला, त् मी उठू कशी? न् उठली नाई त् बाकीचे घरं कधी करू?" हिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, त्या उगाच गेल्या नव्हत्या. रडणाऱ्या माणसाजवळ बसून राहणं हे काम आहे. ते अर्धा तास चालतं, कधी दुपारभर चालतं. त्या दुपारचा मोबदला लावा, मग समाजाधारित मानसिक आरोग्याच्या गोष्टी करा. बाईच्या फुकट कळवळ्यावर उभी केलेली योजना बाईलाच आजारी पाडते.

आणि एवढं सगळं केलं तरी एक मोठी गोष्ट उरते. त्याच १३ मार्चला, होळीच्या सकाळी, देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने आयुष्य संपवलं. राज्य सरकारने पुरस्कार देऊन गौरवलेला शेतकरी. त्याची मागणी होती खडकपूर्णा प्रकल्पाच्या पाण्याची. त्यासाठी तो उपोषणालाही बसला होता. त्याला समुपदेशन मिळायला हवं होतं का? हवंच होतं, कुणालाही मिळायला हवं. पण त्याने पाणी मागितलं होतं. पाणी मागणाऱ्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून भागणार नाही. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ जाहीर झाला त्या हंगामात बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास मिळत होते. हा फरक थेट त्या बाईच्या पोराच्या गोळीवर येऊन पडतो. मनाचा दवाखाना आणि शेतमालाचा काटा ही दोन वेगळी खाती आहेत, असं मंत्रालयात चालत असेल. घरात खातं एकच असतं.

माणूस गेल्यावर पुन्हा कागद सुरू होतो. आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र', हे ठरवायला समिती बसते. जमीन नावावर होती का, कर्ज अधिकृत होतं का, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरला तर एक लाख रुपये, २००६ पासून एक लाखच. परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज असलेला, दुसऱ्याचं वावर बटईने करणारा अपात्र. मजूर तर या मोजणीतच नाही. बाईने जीव दिला तर ती शेतकरी होती हे सिद्ध करणंच अवघड, कारण सातबारा बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. जन्मभर निंदण-खुरपण तिने केलं आणि मेल्यावर कागदात ती गृहिणी. मनाच्या आजारातली विषमता मला याहून उघडी कुठे दिसलेली नाही.

मागे राहिलेल्या बाईचं पाहा. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली मराठवाडा-विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींची पाहणी केली. ४० टक्के बायांच्या नावावर जमिनीचा हक्क लागलेला नव्हता. घरावरचा हक्क फक्त ३५ टक्के बायांना मिळालेला. तिच्या झोपेची गोळी डॉक्टर देईल, पण दिराने वावराची वाट अडवली म्हणून ती झोपत नसेल तर तलाठ्याने एक फेरफार करणं हाच तिचा उपचार आहे. आम्ही मातृतीर्थ जिल्हा म्हणवतो. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी माणसांचा समुद्र लोटतो, मीही त्यात असतो. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे गेले. जिजाऊ सती गेल्या नाहीत. पुढे दहा वर्षं राज्य सांभाळलं, राज्याभिषेक पाहिला. ती विधवा आपली माऊली आणि गल्लीतली विधवा हळदीकुंकवातून उठवलेली, हे एका जिल्ह्यात कसं मावतं? कोल्हापूरच्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं आणि पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारने इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाला खर्च येत नाही. बुलडाण्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने तो केला का, एवढं या १२ जानेवारीला विचारायला हरकत नाही.

शब्दांचंही तेच. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याचं करणाऱ्याला 'शुभंकर' म्हणते. आमच्याकडे ते शब्द जड वाटतील, मान्य. पण 'येड्याचा डॉक्टर', 'येड्याची माय' एवढं तरी तोंडातून जावं. त्या बाईला गाडीत जागा देताना कंडक्टर म्हणाला, "माय, पोराले खिडकीजवळ बसव, हवा लागन त्याले." किती साधं बोलला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यापुरता सैल झाला, मी पाहिलं.

ज्या कुणाला हे वाचताना आपल्याच घरचं वाटतंय, त्याच्यासाठी एक क्रमांक: १४४१६. टेलिमानस, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. तो जपून ठेवा, शेजाऱ्यालाही द्या. पण फोनवरून कुणी मनगटाची गाठ सोडवू शकत नाही, त्याला माणूस लागतो.

म्हणून पुढच्या होळीसाठी माझं मागणं लहान आहे. यात्रेत पोलिसांची चौकी उभी राहते, पाण्याचे टँकर येतात, एसटी जादा गाड्या सोडते. तिथेच, जिथे गाड्या थांबतात तिथे, एक मांडव हवा. त्यात जिल्हा रुग्णालयाचा मनोविकारतज्ज्ञ, महिन्याभराच्या गोळ्यांची पेटी आणि दोन शिकवलेल्या बाया, ज्यांना त्या दिवसांचा रोज दिलेला आहे. मुजावरांना आधी भेटून, विश्वासात घेऊन. दर्ग्यावरून येताना किंवा जाताना, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने तिथे टेकावं. घरी परतल्यावर पुढची गोळी कुठल्या आरोग्य केंद्रात मिळेल ते चिठ्ठीवर लिहून द्यावं आणि त्या केंद्राला तसं कळवावं. आधार कार्ड मागू नये, सातबारा मागू नये. नाव, गाव, आणि गोळी कोणत्या महिन्यात राहून गेली, एवढं विचारावं. आणि आईचं मनगट बघून त्यावर थोडं मलम लावावं.